न पाहताच दिलेलं मलम

संपादक महोदय,

आमच्या नेरुळच्या सोसायटीत नुकतंच महिला आरोग्य शिबिर झालं. साखर, बीपी, हिमोग्लोबिन, स्तनातल्या गाठींची माहिती, सगळं होतं. खालच्या जागेच्या खाजेचा विषय कुणी काढला नाही. नंतर जिन्यात मात्र तिघी जणींनी मला हळूच गाठलं. माझ्या जाऊबाईंचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

जाऊबाई ६८ वर्षांच्या. रात्र रात्र खाजेने झोप नाही. दोन वर्षांत सहा-सात ट्यूब संपल्या, कधी बुरशी म्हणून, कधी 'या वयात कोरडेपणा यायचाच' म्हणून. टेबलावर घेऊन पाहिलं कुणीच नाही. खरं तर त्यांनीही पाहू दिलं नसतं. मध्ये पॅप स्मिअर नॉर्मल आला आणि आम्ही निर्धास्त झालो. ती तपासणी गर्भाशयाच्या तोंडाची, बाहेरच्या त्वचेचं तिच्यात काही कळत नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. त्वचा कागदासारखी पातळ, पांढरी, आणि एका बाजूला जाड, खरबरीत चट्टा. जागा बधिर करून इवलासा तुकडा तपासायला पाठवला. लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा जुनाट आजार निघाला, आणि चट्ट्यात कर्करोगपूर्व बदल.

असे बदल दोन वाटांनी येतात. एक एचपीव्ही विषाणूची, बहुधा कमी वयात. सिगारेट ओढणाऱ्यांना तिचा धोका जास्त. २०२२ साली मंजूर झालेली पुण्याची सर्व्हाव्हॅक लस या विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांना अडवते. दुसरी वाट लायकेनची, उतारवयातली. तिथे लस कामाची नाही, आणि तिथले बदल कर्करोगाकडे अधिक वेगाने सरकतात. कुणाला घाबरवायचं नाही. लायकेन असलेल्या बहुतेक जणींना कर्करोग होत नाही. डॉक्टरांनी दिलेलं तीव्र स्टिरॉइड मलम नियमित लावलं तर धोका आणखी घटतो. पण स्टिरॉइड म्हटलं की बायका ट्यूब अर्ध्यात टाकतात.

खारघरला टाटाचं कर्करोग केंद्र आहे, नेरुळहून फार लांब नाही. पण तिथवर पोचायचं तर आधी कुणीतरी पाहायला हवं. महापालिकेच्या शिबिरांत एक पडदा, एक टेबल, एक डॉक्टरीण एवढं ठेवावं, आणि पन्नाशीपुढच्या प्रत्येकीला सरळ विचारावं, खाज आहे का, किती महिने?

जाऊबाईंचा चट्टा काढला. आता ठरल्या तारखांना दाखवायला जातात. माझं नाव मात्र छापू नये. जाऊबाईंची हरकत नाही, दिरांची आहे.

– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई