चेंडू घे, खुर्ची काढू नकोस

सांगली,
१२ ऑगस्ट

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. कंबरेत उसण भरून तुला आठ दिवस अंथरुणात काढावे लागले हे वाचून वाईट वाटले. आश्चर्य मात्र वाटले नाही, कारण लोकलमध्ये लोंबकळत जायचे आणि मग नऊ तास टेबलावर वाकून बसायचे, हा क्रम तू तीस वर्षे चालवला आहेस. खुर्ची काढून टाकून व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर बसून काम करावे, असा चिरंजीवांचा सल्ला तू कळवलास आणि माझे मत विचारलेस. मी तो चेंडू दोन वर्षे वापरतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चेंडू जरूर घे, पण खुर्ची राहू दे.

दिवसभर चेंडूवर बसल्याने पाठ आपोआप ताठ राहते, ही समजूत मलाही होती. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये खुर्चीवरचे आणि चेंडूवरचे बसणे ताडून पाहिले, तेव्हा स्नायूंच्या कामात आणि कण्याच्या ठेवणीत फारसा फरक आढळला नाही. उलट चेंडूवर बसणाऱ्यांना अस्वस्थता अधिक जाणवली. माझा अनुभवही तोच आहे. वीस मिनिटांनी अंग दमते आणि आपण खुर्चीत बसतो तसेच पोक काढून चेंडूवर बसू लागतो.

मुळात हा चेंडू बसण्यासाठी झालाच नव्हता. १९६३ मध्ये अक्विलिनो कोसानी नावाच्या इटालियन प्लास्टिक कारखानदाराने तो तयार केला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये मेरी क्विंटन या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टने तो तान्ह्या मुलांच्या उपचारांत आणला, तर बाझेलच्या सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी मोठ्यांच्या उपचारांसाठी त्याचा वापर केला. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांनी तो तिथे पाहिला, म्हणून इटलीचा चेंडू ‘स्विस बॉल’ झाला!

आता तो कंबरेला कशाने उपयोगी पडतो ते सांगतो. कण्याचा खालचा भाग म्हणजे मांडवाचा खांब समज. तो चहूबाजूंच्या ताणांवर उभा राहतो. पुढून पोटाचे स्नायू, मागून मणक्यांना बिलगलेले लहान स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ असे हे ताण आहेत. दुखणे आले की मणक्यांजवळचे स्नायू आळसावतात आणि दुखणे थांबले तरी आपणहून पूर्ववत होतीलच असे नाही. चेंडू डळमळतो, त्यामुळे तोल सावरताना या साऱ्यांना एकदम आणि थोडे थोडे काम करावे लागते. व्यायाम करताना चेंडू हलू पाहतो आणि आपण कंबर हलू द्यायची नसते, एवढीच त्यातली मेख आहे. जोरजोरात उसळ्या मारणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

मी सुरुवातीला दोन चुका केल्या. दुकानदाराने ७५ सेंटिमीटरचा चेंडू माझ्या गळ्यात मारला आणि मी, साडेपाच फुटांचा माणूस, पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर त्यावर बसलो; चेंडू पुढे गेला आणि मी मागे. सौभाग्यवती अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात. तुझी उंची माझ्याएवढीच आहे, तेव्हा ५५ सेंटिमीटरचा घे. बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर, किंवा गुडघ्यांपेक्षा कंबर किंचित वर, असे असले पाहिजे. पहिल्या दिवशी पूर्ण हवा भरू नकोस. प्लास्टिक ताणून स्थिरावायला एक दिवस दे आणि दुसऱ्या दिवशी उरलेली भर. सतरंजी फरशीवर सरकते. रबरी चटई बरी, आणि पाय अनवाणी असावेत.

मला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिले तीन आठवडे चेंडूला हातच लावू दिला नाही. श्वास न रोखता पोट हलकेच आवळून धरणे, एवढेच करवून घेतले. नंतर चेंडूवर बसून एकेक पाऊल दोन बोटे उचलायचे, तेही भिंतीजवळ. मग जमिनीवर उताणे पडून पोटऱ्या चेंडूवर ठेवायच्या आणि कंबर उचलायची; आपल्या सेतुबंधासनाचाच हा प्रकार आहे, पण पायांखालची जमीन डुगडुगते म्हटल्यावर सवयीचे आसनही नवखे वाटते. त्यानंतर चेंडूवर पोट टेकून उजवा हात आणि डावा पाय लांब करायचे, मग उलट. प्रत्येक वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरायचे नाही. अधिक हवे तर वेळा वाढवायच्या, सेकंद नाहीत. सर्वांत कठीण प्रकार म्हणजे कोपरे चेंडूवर टेकून, अंग फळीसारखे ताठ ठेवून, पातेल्यात पळी फिरवावी तशी कोपरे गोल फिरवणे. कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी तो प्रसिद्ध केला. मला तो साधायला आठ महिने लागले, तेव्हा तू घाई करू नकोस. वजने हातात घेऊन चेंडूवर आडवे होण्याचे धाडस तर करूच नकोस. चेंडू फुटला तर वजनासकट खाली येशील.

आणखी एक. उठल्या उठल्या वाकू नकोस. रात्रभर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि पहिल्या तासात वाकण्याचा ताण त्यांच्यावर अधिक येतो. मी पूर्वी उठताच सूर्यनमस्कार घालत असे; आता ते आणि चेंडूही स्नान व चहा आटोपल्यावर.

मात्र दुखणे पायात उतरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नकोस, थेट रुग्णालय गाठ.

दिवाळीत येशील तेव्हा माझा जुना ७५ चा चेंडू बघायला मिळेल. नातू त्याच्याशी क्रिकेट खेळतो. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांस आशीर्वाद.

तुझा,
वसंत