बाबू, दोन क्वार्टर कमी आहेत

बाबू,

आज २ ऑक्टोबर, ड्राय डे. आपल्या बारचं शटर खाली आहे, राजन आणि पोरं घरी गेलीत, फ्रीज घरघरतोय आणि मी चार नंबरच्या टेबलावर चष्मा लावून फोनवर टाईप करतेय. तू तरातरा बसमध्ये जाऊन बसलास त्याला आता तीन आठवडे झाले. शमाला फोन करतोस, मला नुसता अंगठा पाठवतोस. ठीकाय. भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय.

तुझा तो पबचा आराखडा मी पुन्हा बघितला. आधी नीट बघितलाच नव्हता हे खरं आहे, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घरात पंधरा माणसं असताना लॅपटॉप उघडून दाखवायची काय पद्धत आहे का? पण चांगला केलायस. मागची भिंत पाडून माडांकडे ओपन करायचं, सनमायकाची टेबलं जाऊन लाकडाची, शनिवारी गाणाऱ्या मुलाला बसवायचं, बांगडा फ्राय लाकडी पाटावर द्यायचा (तेवढाच बांगडा, दर तिप्पट). टुरिस्ट येतील, मला पटतं. तारकर्लीला स्कूबा करून आलेली पोरं आपल्याकडे डोकावतात, अंधार बघून परत जातात, मी रोज बघते. तेव्हा पबला माझा विरोध नाही. विरोध कशाला आहे ते मला त्या दिवशी बोलता आलं नाही आणि मी पैशाचं काहीतरी बोलले. व्हॅट पाचाचा दहा टक्के झालाय, लायसन्सची फी दर मार्चला भरायची, पावसात दोन महिने होड्या बंद म्हणजे खलाशांची सगळी उधारी, कर्जाचा हप्ता कुठनं काढणार वगैरे. ते सगळं खरंच आहे पण ते कारण नव्हतं.

एक्साइजचं रजिस्टर मी रोज रात्री भरते हे तुला माहितीय. ब्रँडप्रमाणे सुरुवातीचा माल, आलेला, विकलेला, शिल्लक. चतुर्थीच्या दिवसांत दोन क्वार्टर कमी आल्या. राजनला विचारलं नाही, तो अकरा वर्षं आपल्याकडे कामाला आहे, चण्याची पुडीसुद्धा विचारून घेतो. पैसे मी माझ्या पर्समधून गल्ल्यात टाकले आणि विकल्या म्हणून लिहिलं. हिशोब जुळला.

तू घेतोस हे मला माहितीय रे. पुण्यात आहेस, ऑफिसच्या पार्ट्या असतात, सत्तावीस वर्षांचा आहेस, कायद्याने पंचवीसनंतर परमिट मिळतं, मी काय अडाणी आहे का. इथे परक्याच्या पोरांना मीच ओतून देते. पण मागून का? आपल्याच घरात, आपल्याच बारमधून, आईला न सांगता का? जाऊ दे. लिहिणार नव्हते.

तुला लहानपणी तुझी आजी, माई, सांगायची ती माडाची गोष्ट आठवते का, तू झोपायचा नाहीस तेव्हाची. तुझे खापरपणजोबा सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचे, पोयीला, म्हणजे माडाच्या तुऱ्याला, मडकं बांधलेलं असायचं त्यातली माडी काढून आणायचे. आपल्या भंडारी लोकांचा धंदाच तो, त्यात चोरी नव्हती की लाज नव्हती. मग १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, पुढच्या वर्षापासून सगळीकडे बंदी, आणि तोच माड, तोच माणूस, तेच मडकं, पण चढला की गुन्हा. खापरपणजोबांनी कोयता वळचणीला खोचला आणि थोरल्याला गिरणीत पाठवलं. माई म्हणायची काही लोकांनी चोरून चालू ठेवलं, काहींनी गोव्यातनं रात्री होडीने माल आणला, तिकडे पोर्तुगीज होते ना, तिकडे बंदी नव्हती. आपल्या घरातल्या कुणी आणला की नाही ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही, नुसती हसायची.

तुझे आजोबा, भाऊ, लालबागच्या खोलीत वाढले पण जीव इथेच. वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, परमिटं मिळायला लागली, मग भाऊंनी परत येऊन आधी खाणावळ आणि ७४ साली परमिट रूम काढली. तू 'परमिट रूम' या नावाला हसतोस, बोर्ड बदलूया म्हणतोस. पण ते नाव का आहे माहितीय का? आपल्याकडे अजूनही दारू प्यायला कागद लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांचा, आणि कायद्याने तो मिळतो प्रकृती सांभाळण्यासाठी! भाऊ प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारायचे, "काय, प्रकृती कशी आसा? एक क्वार्टर पुरात मा?"

आणि माईचा नियम. तो तू ऐकलायस, पण पुन्हा लिहिते. पहिल्या दिवशी नारळ फोडला तेव्हा तिने भाऊंना आणि दोन्ही मुलग्यांना समोर उभं करून सांगितलं, "ग्लासाक हात लावशात तर गल्ल्याक हात लावूक नको." भाऊंनी पाळलं. पप्पांनी पाळलं, लग्नात त्यांच्या मित्रांनी किती आग्रह केला तरी लिंबू सोडा. अण्णाकाकांनी नाही पाळलं.

अण्णाकाकांचं तुला फारसं आठवणार नाही, तू दुसरीत होतास. तुला खांद्यावर घेऊन जेटीवर जायचे, समोर किल्ला दाखवून म्हणायचे हा आपलाच आहे, भाड्याने दिलाय. वाईट माणूस नव्हता रे. सगळ्यात गोड बोलणारा तोच होता आणि तिथेच घात झाला. गिऱ्हाईक म्हणायचं, अण्णा बसा, कंपनी द्या, आणि हे बसायचे. आधी एक स्मॉल. मग रोज एक. मग दुपारी. धंदाही वाढला होता, लोक त्यांच्यासाठीच यायचे ना. शेवटी गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा डोळे पिवळे, पोट हे एवढं, आणि मला म्हणतात, वहिनी, रजिस्टर भरलंस का.

तर तुझ्या त्या आराखड्यात एक ओळ आहे, 'मालक स्वतः पाहुण्यांसोबत टेबलावर बसणार, त्याचीच ओळख तयार होणार'. ती ओळ वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. तू अण्णांसारखा बोलतोस, अण्णांसारखा हसतोस, सगळे म्हणतात. तुला कौतुक वाटतं त्याचं. मला आजपर्यंत वाटत होतं, आता ती ओळ वाचल्यापासून वाटत नाही.

लेक्चर झालं. सॉरी. मी तुला ओळखते, आत्तापर्यंत तू स्क्रीन बंद केली असशील. केली नसशील तर पुढचं वाच, पुढे तुझं कौतुक आहे.

१ एप्रिल २०१७ आठवतो ना? कोर्टाची ऑर्डर, हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू नाही, वीस हजारांच्या आतल्या गावांना दोनशेवीस, आणि आपला रस्ता कागदावर राज्यमार्ग निघाला. पप्पा जाऊन तीन वर्षं झालेली, लायसन्स माझ्या नावावर व्हायला चपला झिजल्या होत्या, त्यात बाई गल्ल्यावर बसते म्हणून गावाची तोंडं, आणि वर सील. मी मागच्या पडवीत रडत बसलेले. तू टेप घेऊन आलास, शाळेतला मोठा टेप, आणि शमाला धरून रस्ता मोजायला लागलास. भर उन्हात. एकशे ऐंशी भरले! मग वळसा घालून मोजलंस तरी एकशे पंच्याण्णव. तेवढ्या पंचवीस मीटरसाठी तू रडलास, मी तुला समजावलं, आणि माझं रडं थांबलं. मग चार-पाच महिने आपण नुसती मासळीची थाळी विकली, तू कॉलेजातनं येऊन ताटं उचलायचास. नगरपालिकेच्या हद्दीला सूट मिळाली, सील निघालं, तेव्हा पहिली बाटली ज्याला दिली त्या खलाशाने तुला दहा रुपये बक्षीस दिले होते. ती नोट माझ्याकडे आहे, लक्ष्मीच्या फोटोमागे.

लॉकडाऊन झालं, तौक्तेने पत्रे उडवले, तेव्हाही तूच. पत्र्याचं बिल तू भरलंस आणि मला ऑफिसचा बोनस म्हणून सांगितलंस. बोनस नव्हता तो, शमाने सांगितलं. तेव्हा हे घर तू चालवू शकतोस की नाही अशी शंका मला कधीच नव्हती, त्या दिवशी मी जे बोलले ते रागात.

पण रोज घेतोस का एवढं सांग. आठवड्यातून म्हणालास तरी चालेल. एकटा घेतोस की कुणाबरोबर. बघ, पुन्हा तेच. तीस वर्षं गिऱ्हाईकाच्या हाताकडे बघून मी सांगते की आता याला बिल द्यायचं, आणि तुझ्या हाताकडे बघायचं धाडस झालं नाही. तू ताट वाढून घेत होतास, मी मुद्दाम गॅसकडे तोंड केलं.

पब काढायचा असेल तर दिवाळीला ये, सीझन लागायच्या आत बोलू, बँकेत पण जाऊ. भिंत पाडायला माझी ना नाही. माईचा नियम मात्र बोर्डावर नाही, तुझ्या करारात लिहायचा, तुझ्या त्या पार्टनरच्या पण सहीने. तो मुलगा आल्या दिवशीच बिअर मागत होता, सकाळी अकराला. जावंदे.

शेजारची मुलगी रविवारी पुण्याला निघालीय, तिच्याकडे आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सुके बोंबील देतेय. बोंबील आधी घरमालकिणीला विचारून भाज.

फोन दुपारी तीननंतर कर, तेव्हा कुणी नसतं.

आई

ता. क. आत्ता फ्रीज पुसायला सरकवला तर मागे एक क्वार्टर पडलेली सापडली. सील तसंच. म्हणजे तू एकच नेलीस. ती एक तरी कुठे गेली ते सांग.