अंतर कमी करू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल 'आता गाडीच गाडी चालवते, आई' म्हणालीस आणि आपलं वाजलं. शनिवारी चिंटूला घेऊन एवढ्या लांब निघणार आहेस, म्हणून लिहितेय. उपदेश करणार नाही.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखून आपोआप वेग कमी-जास्त करणारी सोय, वाईट नाही. गर्दीत सारखं ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर करून होणारी चिडचिड त्याने खरंच कमी होते. पण मध्ये कुणी घुसलं की तुझं डोकं फिरतं (हे बाबांकडून आलंय), आणि मग तू बटण दाबून अंतर एका रेघेवर, म्हणजे सगळ्यात कमीवर आणतेस. तेवढं नको करूस. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर म्हणजे 44 मीटर, एका सेकंदाचं त्याच्या निम्मं. आणि एक गाडी घुसल्याने तुझे जातात किती? दोन-अडीच सेकंद!

जपानमधल्या एका प्रयोगात 230 मीटरच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या सोडल्या होत्या. 2008 साली तो प्रसिद्ध झाला. सिग्नल नाही, अपघात नाही, तरी कोंडी झाली. एकाने जरा वेग कमी केला की मागचा त्याहून थोडा जास्तच कमी करतो, त्याच्या मागचा आणखी, आणि ती लाट मागे मागे सरकते. क्रूझ ती आपोआप मोडत नाही. बाजारातल्या काही गाड्या तपासल्या तेव्हा त्यांचं क्रूझ ती वाढवतानाच दिसलं, कारण पुढच्याचा वेग बदलल्यावर त्यालाही उशिराच जाग येते. अंतर कमी असेल तर मग ब्रेकही जोरात. अ‍ॅरिझोनात मात्र वीसेक गाड्यांत एकच गाडी एकसारख्या वेगाने चालवली आणि लाट विरली. ती गाडी तुझी असू दे ना.

सायकलवरही तू पुढच्याच्या चाकाला चाक लावायचीस. दादा ओरडायचा, तू हसायचीस. तुझं रिव्हर्स पार्किंग माझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे मी सगळ्यांना सांगत असते, तुलाच सांगायचं राहतं.

अजून एक. पुढची गाडी अचानक बाजूला झाली आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रक असला, तर क्रूझवर विसंबू नकोस. वेगात असताना रडार थांबलेल्या वस्तू बरेचदा गाळून टाकतं, नाहीतर प्रत्येक पाटीला आणि पुलाला ब्रेक लागला असता. गाडी उलट रस्ता मोकळा झाला समजून वेग वाढवेल. म्हणून निवांत वाटायला लागलं की उजवा पाय ब्रेकजवळ आहे ना, बघ. गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या लेन असिस्टला स्टिअरिंगवर हात लागतो, नजर कुठे आहे ते बऱ्याच गाड्यांना कळत नाही.

झालंच शेवटी लेक्चर. रागावू नकोस.

तुझी,
आई

ता. क. निघताना आरशामागे कॅमेऱ्यासमोरची काच पूस, बंपरवर रडारपुढचा चिखलही. काच बदलली असशील तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, झालंय का, ते गॅरेजवाल्याला विचार. आणि अंतर तीन रेघांवर ठेव.