विकायला काही नसतानाच्या जाहिराती

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

सोसायटीने तुझी अँटेना उतरवायला लावली तेव्हापासून रेडिओच्या बँडवर तुझा आवाज नाही. फोन केला तर पाठदुखीचं सांगतोस, रेडिओचं नावही काढत नाहीस. म्हणून पत्र. यात तुला मध्येच विषय बदलता येणार नाही.

गेले पंधरा दिवस दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या 'क्यूएसटी'चे, म्हणजे अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या मासिकाचे, स्कॅन वाचतोय. उघडले होते सर्किटं बघायला, अडकलो जाहिरातींत. पर्ल हार्बरच्या दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, अमेरिकेतल्या हॅमना, म्हणजे या हौशी मंडळींना, ट्रान्समीटर बंद करायला लावले. पन्नास हजारांवर माणसं गप्प. १९४२ च्या एप्रिलमध्ये घरगुती रेडिओचं उत्पादनही थांबलं. आणि तरी मासिकात पानंच्या पानं जाहिराती! दुकानाला टाळं, पाटी मात्र रोज पुसून लख्ख.

कारण कळलं तेव्हा हसू आलं. १९४२ पासून युद्धातल्या जादा नफ्यावर ९० टक्के कर होता, आणि जाहिरातीचा रास्त खर्च मात्र त्यातून वजा व्हायचा. म्हणजे पान जवळजवळ सरकारच्या पैशाने. शिवाय युद्ध संपल्यावर गिऱ्हाइकाने नाव विसरू नये, हा हिशोब होताच.

पण नुसता हिशोब म्हणून सोडून देववत नाही रे. हॅलिक्राफ्टर्स या रेडिओ कंपनीचंच बघ. त्यांनी हॅमसाठी एचटी-४ नावाचा ट्रान्समीटर काढला होता. त्यावरूनच लष्कराचा बीसी-६१० झाला, तो शेव्हरोलेच्या ट्रकमध्ये बसवला, मागे जनरेटरचा ट्रेलर जोडला, की झाला एससीआर-२९९. जाहिरातीत हा ट्रक रणभूमीवर धूळ उडवत निघालेला. वाचणाऱ्या हॅमला मात्र त्यात आपल्या टेबलावरचा सेटच दिसत असणार. व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळ्या, बनवणाऱ्या आयमॅकचे ईटल आणि मॅकलॉ हे दोघेही हॅमच. त्यांचे व्हॉल्व्ह रडारमध्ये जात होते, पण रडारबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. मग नुसता झगझगीत काचेचा व्हॉल्व्ह आणि मोघम गौरव. 'नॅशनल' या रिसीव्हरवाल्या कंपनीची तर आणखी मजा. त्यांच्या एचआरओ रिसीव्हरवर इंग्लंडात जर्मनांचे गुप्त संदेश टिपले जात होते, आणि ते कुठल्याही जाहिरातीत छापणं शक्य नव्हतं.

कोपऱ्यात बहुतेक ठिकाणी लष्कर-नौदलाचा 'ई' झेंडा. उत्पादन चांगलं म्हणून मिळायचा, आणखी सहा महिने टिकवलं की वर एक पांढरा तारा. शाळेतल्या वहीवरच्या 'छान' शेऱ्यासारखे हे तारे मिरवलेले. खाली ओळ : वॉर बाँड घ्या.

मला सगळ्यांत आवडला तो एकोफोन कंपनीच्या जाहिरातीतला होगार्थ. बावळट चेहऱ्याचा शिपाई, पण त्याच्याजवळ ईसी-१ हा छोटा रिसीव्हर आहे म्हणून सगळे त्याच्याभोवती. बाकीच्या पानांवरचे ते जबडा आवळलेले वीर बघून कंटाळा येतो. मरणाच्या बाजारात एवढी चकचकीत इस्त्री मला सोसत नाही. होगार्थ मात्र आपल्यातला वाटतो.

आणि बहुतेकांचा सूर एकच : थांबा, विजय मिळाला की असले सेट तुमच्यासाठी. बाजारात तुरी! पण हॅम थांबले. १५ नोव्हेंबर १९४५ ला दहा मीटरचा बँड परत मिळाला, आणि पुढे तेच लष्करी सेट सरप्लसमध्ये, म्हणजे लष्कराच्या उरलेल्या मालात, कवडीमोलाने जाहिरातीत आले.

आपल्याकडे १९३९ पासूनच बंदी होती, सेट पोलिसांकडे जमा करायचे. त्यातही नरिमन प्रिंटर या मुंबईच्या हॅमने ट्रान्समीटर उभा केला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहतांचा गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. त्याची जाहिरात कोण देणार! नोव्हेंबरात पोलिसांनी पकडलंच.

तर ऐक. पुढच्या रविवारी मी येतोय. बारीक एनॅमलची तार आणि माझा पाच वॅटचा सेट घेऊन. तुझ्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी आहे ना, तिच्या शेजारून तार गेली तर सेक्रेटरीला काय, वहिनींनाही दिसणार नाही. वहिनींना आधी सांगून ठेव मात्र. मागच्या वेळी त्यांच्या टॉवेलला सोल्डर लागलं होतं.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा),
तुझा,
मध्या