धावा कुणी करायच्या होत्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिॲटल मरिनर्स संघाच्या फेलिक्स हर्नांडेझवरचा आपल्या क्रीडा पानावरचा लेख काल वाचला. मराठी दैनिकात बेसबॉलच्या पिचरला, म्हणजे तिकडच्या गोलंदाजाला, अर्धं पान मिळालं, त्याबद्दल आधी आभार. आता भांडण.

लेखकमहाशय म्हणतात, 169 विजयांवर कुणी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मतदानाने निवडलेल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, जात नसतं, आणि फेलिक्सची मतं वर्षभरात 20.6 टक्क्यांवरून 46.1 टक्क्यांवर गेली ती निव्वळ भावनेची लाट. बरं. जुना पिचर सँडी कूफॅक्सचे विजय किती? 165. तो 1972 साली आत गेला की नाही? त्याच्याकडे विजेतेपदं होती, असं उत्तर येईल. येऊ द्या. योहान सँटाना या पिचरला दोन साय यंग (लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळूनही 2018 मध्ये 2.4 टक्क्यांवर घरी पाठवलं, हेही कुणी ऐकवेल. तो अन्याय होता, आता त्याचा कायदा करायचा का?

पिचरच्या नावावर विजय लागायला त्याच्या संघाने धावा कराव्या लागतात, हे लेखकांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. 2010 च्या मरिनर्सनी 162 सामन्यांत 513 धावा केल्या, म्हणजे सामन्याला जेमतेम तीन, आणि 101 सामने घालवले. त्याच संघात राहून फेलिक्सने, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडल्या तर, नऊ इनिंगमागे 2.27 धावा दिल्या. मरिनर्स खेळतात त्या अमेरिकन लीगमध्ये त्याहून कमी कुणाच्याच नव्हत्या. पदरात काय? 13 विजय, 12 पराभव. तरी साय यंग त्यालाच मिळाला. त्याच्या कारकिर्दीची शेवटची दोन वर्षं बघवत नव्हती, कबूल. पण 589 प्रथम श्रेणी बळी घेऊन एकही कसोटी न मिळालेल्या पॅडी शिवलकरांसाठी हळहळणारे आपणच, आणि फेलिक्स ‘प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) कधी दिसलाच नाही’ म्हणून नाक मुरडणारेही आपणच!

लेख मला पाठवला माझ्या मेहुण्याने, पुण्याहून, खाली हसण्याचे तीन चेहरे लावून. याच गृहस्थांना 15 ऑगस्ट 2012 रोजी मी माझं तिकीट दिलं होतं. बुधवारची दुपार, मरिनर्सचं मैदान सेफको फील्ड, समोर टँपा बेचा संघ. ऑफिसात ऐनवेळी मीटिंग निघाली, मला सुटता येईना. हे तेव्हा आमच्याकडे पाहुणे आलेले. मी टेबलाखाली फोन धरून स्कोअर बघतोय, सहा इनिंग झाल्या, समोरचा एकही खेळाडू पहिल्या बेसवर पोचलेला नाही, बोटं थरथरतायत, आणि तेवढ्यात यांचा मेसेज: ‘निघालो. इथे काही होतच नाहीये. आउटलेट मॉलला जातो.’

काही होत नाहीये! समोरचे फलंदाज 27 वेळा आले आणि 27 वेळा बाद होऊन गेले. 12 स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर थेट पिचरने बाद केलेले. समोरच्या एकालाही बेसवर पोचू न देता जिंकलेला, मरिनर्सच्या इतिहासातला पहिला परफेक्ट गेम, तोही 1-0 असा, कारण संघाने त्या दिवशीही नेहमीच्याच औदार्याने एक धाव दिली होती. शेवटचा खेळाडू बॅट न हलवता बाद झाला तेव्हा आमचे पाहुणे बुटांच्या दुकानात रांगेत उभे होते. बूट अजून वापरतात म्हणे. तिकिटाचा अर्धा तुकडा तरी जपून ठेवायचा, तोही टाकून दिला. आणि आता हे मला विचारणार की फेलिक्सने असं केलं तरी काय!

हॉल ऑफ फेममध्ये जायला 75 टक्के मतं लागतात आणि नावाला दहा वर्षांची मुदत असते. त्यातली दोनच झाली आहेत. तेव्हा आपल्या लेखकांनी ‘प्रकरण मिटलं’ असा निकाल देण्याची घाई केली नसती तर बरं झालं असतं.

जाता जाता, लेखासोबतचा फोटो फेलिक्सचा नाही. तोंडावर जाळी आणि छातीवर पॅड बांधलेला खेळाडू कॅचर असतो. आणि ई-पेपरची वर्गणी डॉलरमध्ये घेता, तर रविवारची पुरवणी इकडे उघडेल एवढं बघा. दिवाळीपासून कळवतो आहे.

आपला,
एक वर्गणीदार, बेलव्ह्यू (वॉशिंग्टन)