युनिक्सच्या तुझ्या वंशावळीविषयी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली, युनिक्स या संगणक कार्यप्रणालीच्या आवृत्त्यांची वंशावळ सावकाश वाचली. मेहनत जागोजागी दिसते. मात्र प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र प्रणाली मानून तू बाण काढले आहेस, ते मला पटत नाही. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतली पहिली, दुसरी, तिसरी ही गणती मॅन्युअलच्या आवृत्त्यांची होती. कोड सतत बदलत असे आणि मॅन्युअल निघाले की त्या घडीची स्थिती कागदावर येई. पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे आणि ते पीडीपी-११ या संगणकासाठीचे आहे. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ वर उभारलेल्या मूळ प्रणालीला त्यामुळे क्रमांकच मिळाला नाही. तुझ्या तक्त्यात ती सर्वांत वर, बिनक्रमांकाची हवी.

माझ्या मते या इतिहासात १९७३ हे वर्ष सर्वांत मोलाचे आहे. बेल लॅब्जमधले डग मॅकिलरॉय कित्येक वर्षे ज्यासाठी आग्रह धरून होते, तो पाइप (एका आज्ञेचे आउटपुट थेट दुसऱ्या आज्ञेला देणारी जोडणी) फेब्रुवारीतल्या तिसऱ्या आवृत्तीत दिसतो. पण तेव्हा आज्ञा जोडायला ‘>’ हेच चिन्ह होते, जे आउटपुट फाइलीत वळवण्यासाठीही वापरले जाई, त्यामुळे ओळ वाचताना पुढचे नाव फाइलीचे की आज्ञेचे, असा घोळ होई. नोव्हेंबरमधल्या चौथ्या आवृत्तीत त्याजागी ‘|’ ही उभी रेघ आली, आणि मधल्या उन्हाळ्यात कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सी या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहून झाला होता. आज आपण रोज टंकतो ती रेघ नेमकी कधी अवतरली, हे दोन मॅन्युअले शेजारी ठेवून दाखवता येते, याचा मला फार आनंद वाटतो.

मे १९७५ ची सहावी आवृत्ती विद्यापीठांत दूरवर पोहोचली. तिच्या कर्नलचा बराचसा सोर्स कोड ‘केन’ आणि ‘डीएमआर’ (डेनिस रिची यांची आद्याक्षरे) अशा दोन डिरेक्टऱ्यांत विभागलेला आहे. वंशावळीत कर्त्यांची नावे इतक्या उघडपणे क्वचितच सापडतात.

आता एक दुरुस्ती. पहिल्या बीएसडीकडे (बर्कले विद्यापीठातून निघालेले युनिक्सचे संकलन) जाणारा बाण तू सातव्या आवृत्तीपासून काढला आहेस. ते बीएसडी मार्च १९७८ चे, तर सातवी आवृत्ती जानेवारी १९७९ ची. पास्कल ही प्रोग्रामिंग भाषा आणि ‘एक्स’ हा मजकूर-संपादक असलेले ते बर्कलेच्या बिल जॉय यांचे संकलन सहाव्या आवृत्तीवर बसवायचे होते, म्हणून बाण तिथूनच निघायला हवा. सातवीचा वारसा बर्कलेच्या मुख्य शाखेत पोहोचला तो तिच्या व्हॅक्स संगणकावरच्या ३२व्ही या रूपामार्फत, १९७९ अखेरच्या तिसऱ्या बीएसडीत. तेवढ्या दोन रेषा बदलून तक्ता पुन्हा पाठव.

तुझा,
अविनाश