मुका मार म्हणजे किरकोळ नव्हे

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या आणि बाकीच्याही पेपरांत मारहाणीच्या बातम्या वाचताना एक गोष्ट सारखी खटकते म्हणून लिहितेय. काहीही झालेलं असो, बातमीत एकतर 'अंगावर व्रण आढळले' असतं नाहीतर 'मुका मार लागल्याने किरकोळ जखमी'. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांत कळवाव्या लागणाऱ्या मेडिको-लीगल केसेसमध्ये डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिलेय, त्यामुळे हे शब्द असे कुठेही टाकलेले बघवत नाहीत.

व्रण म्हणजे सुश्रुतसंहितेपासून जखम, म्हणूनच पोटातल्या अल्सरला जठरव्रण म्हणतात. जखम भरल्यावर मागे राहतो तो वण. आता बोलताना व्रण आणि वण एकच झालेत, ते असू दे, पण सकाळी मारलं आणि दुपारी दवाखान्यात आणलं त्या बाईच्या पाठीवर असतात ते वळ. काठी जोरात बसली की बऱ्याचदा दोन समांतर लाल रेघा उठतात आणि मधली पट्टी फिकी राहते, कारण काठीच्या खालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि कडेच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. घरचे सांगतात जिन्यावरून पडली. जिन्यावरून पडल्यावर खरचटेल, गुडघा सोलवटेल, डोक्याला टेंगूळ येईल, पण असे जोडीचे वळ कसे उठतील? बातमीत नुसतं 'व्रण' लिहिलं की हे सगळं गायब.

आता मुका मार. कातडी फाटत नाही, रक्त आतल्या आत साकळतं, एवढाच त्याचा अर्थ, मार हलका होता असा नाही. दुचाकीवरून पडताना हँडल पोटात घुसलं तर वरून साधा डागही नसतो आणि आत प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा, रक्ताने भरलेला अवयव) फाटलेली असू शकते, असा पेशंट 'काही नाही, मुका मार आहे' म्हणून घरी नेला तर रात्रीतून जातो. कायदासुद्धा कातडी फाटली का एवढंच बघत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम 116 प्रमाणे ज्या दुखापतीने माणूस 15 दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा रोजची कामं करू शकत नाही ती गंभीर दुखापत, आधीच्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) हेच 20 दिवस होते. मग पहिल्याच दिवशी बातमीदार 'किरकोळ' कशावरून ठरवतो?

अजून एक, काळंनिळं बघून 'जुन्या जखमा' असं छापायची घाई नको. रक्त साकळलं की रंग आधी लालसर, मग निळा-जांभळा, मग हिरवट, पिवळा असा उतरत जातो हे खरं, पण प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या वेगाने, आणि सावळ्या कातडीवर तर धड दिसतही नाही. पिवळी छटा साधारण 18 तासांच्या आत दिसत नाही, रंगावरून खात्रीने बोलायचं तर एवढंच. शिवाय साकळलेलं रक्त खाली सरकतं, मार कपाळाला बसलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी डोळा काळा होतो, की लगेच 'डोळ्यावर ठोसा' म्हणून बातमी. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा दंड नुसता घट्ट धरला तरी काळानिळा पडतो, आणि कित्येक तान्ह्या बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळा डाग असतो, त्यावरूनही आयाबायांवर संशय घेतलेला पाहिलाय.

तेव्हा एवढंच करा, कातडी फाटली होती का, डाग लांबट होता की पसरलेला, आणि कुठे होता, हे तीन प्रश्न विचारून मगच शब्द निवडा. सर्टिफिकेटवरचं डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा, तिला लागतं.

एक निवृत्त परिचारिका,
सातारा जिल्हा